एकच अर्थ, दोन पेहराव : ब्लूस्पेक भाषेच्या वाक्यरचनेचा इतिहास

फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘आयरिस’ या भारतीय चिपची वार्ता देशभर प्रसिद्ध झाली. मद्रास आयआयटीच्या ‘शक्ती’ प्रकल्पातील प्रोसेसर, तिरुवनंतपुरम येथील इस्रोच्या इनर्शियल सिस्टिम्स युनिटची गरज आणि चंडीगडजवळच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीतील निर्मिती अशा तिहेरी सहकार्यातून अवकाशयानांसाठी उपयोगी पडेल असा हा नियंत्रक साकारला. चिप कोठे घडली, कोणी घडवली, कशासाठी वापरली जाणार, यांची चर्चा पुष्कळ झाली. एका प्रश्नाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. सिलिकॉनवर उतरण्यापूर्वी हा प्रोसेसर कोणत्या भाषेत लिहिला गेला?

आधुनिक चिपचा आराखडा आधी मजकुराच्या रूपात अस्तित्वात येतो. अभियंते तो हार्डवेअरचे वर्णन करणाऱ्या भाषेत लिहितात, कंपायलर तो वाचतो आणि त्यातून लॉजिक गेट व रजिस्टर यांची जुळणी तयार होते. शक्ती प्रकल्पाचे प्रोसेसर ज्या भाषेत लिहिले गेले तिचे नाव ब्लूस्पेक सिस्टिमव्हेरिलॉग, संक्षेपाने बीएसव्ही. तिचे एखादे पान उघडले तर ते चिप-उद्योगात सर्वत्र रुळलेल्या व्हेरिलॉग भाषेसारखे दिसते. तेच अर्धविराम, तसेच आरंभ आणि अंत दाखवणारे शब्द, तशीच कंसांची मांडणी. अर्थाच्या अंगाने मात्र ही भाषा हास्केल या फंक्शनल भाषेच्या कुळातील आहे, आणि एके काळी तिचा चेहराही हास्केलचाच होता. तो चेहरा का बदलला, बदलताना काय टिकले आणि काय झाकले गेले, हा संगणकभाषांच्या इतिहासातील एक बोधप्रद अध्याय आहे. त्याचे कित्येक धागे भारतापर्यंत पोहोचतात.

हा इतिहास समजून घेण्यासाठी कंपायलर मजकूर कसा वाचतो हे आधी पाहावे लागते. जुन्या पद्धतीने श्लोक शिकवताना प्रथम पदच्छेद, मग अन्वय आणि शेवटी अर्थ असा क्रम असे. कंपायलरही हाच क्रम पाळतो. अक्षरांच्या सलग ओळीतून शब्द, अंक आणि चिन्हे सुटी करणे हा पदच्छेद. कोणते पद कोणाशी बांधलेले आहे हे ठरवणे हा अन्वय. हे दुसरे काम करणाऱ्या भागाला पार्सर म्हणतात. पार्सरच्या हातून बाहेर पडते ती झाडासारखी, फांद्याफांद्यांची रचना. ‘२ + ३ × ४’ या राशीत गुणाकार आधी करायचा आहे, ही गोष्ट त्या झाडाच्या आकारातच नोंदलेली असते. पुढचे सारे टप्पे या झाडावर काम करतात. मूळ मजकुराची आठवण होते ती बहुधा चूक दाखवण्याची वेळ आली की.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. दोन वेगळ्या वाक्यरचनांमधून एकच झाड निघत असेल, तर यंत्राच्या दृष्टीने त्या दोन्ही एकच भाषा आहेत. माणसांचे तसे नसते. माणसाचा भाषेशी येणारा पहिला आणि रोजचा संबंध तिच्या वाक्यरचनेशीच असतो. कोणती भाषा शिकायची, कोणती नाकारायची, हे पुष्कळदा पहिल्या पानावरच ठरते. ब्लूस्पेकचा सारा इतिहास या दोन सत्यांच्या ओढाताणीतून घडला.

त्याचा आरंभ १९७८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत झाला. कानपूर आयआयटीचे पदवीधर अरविंद (ते एवढ्याच एका नावाने ओळखले जात), किम गोस्टेलो आणि विल प्लाउफ यांनी तेथे ‘इड’ नावाची भाषा मांडली. त्यांच्यापुढचा प्रश्न समांतर गणनेचा होता. प्रचलित भाषांत प्रोग्रॅम म्हणजे आज्ञांची यादी. पहिली आज्ञा पूर्ण झाल्यावर दुसरी. एकाच वेळी काम करू शकणारी अनेक यंत्रे हाताशी असली तरी ही यादी त्यांना रांगेत उभे करते. इडमध्ये एखादी क्रिया केव्हा घडावी हे ओळींचा क्रम ठरवत नसे. तिला लागणारी माहिती येऊन पोहोचली की ती क्रिया घडे. माहितीच्या या प्रवाहावरून अशा पद्धतीला डेटाफ्लो हे नाव मिळाले.

पुढे अरविंद एमआयटीत गेले. तेथे रिशियूर निखिल यांच्या सहभागाने १९८०च्या दशकात ‘इड नूव्हो’ हे या भाषेचे नवे रूप तयार झाले. फंक्शनलाच मूल्य मानून दुसऱ्या फंक्शनकडे सोपवण्याची सोय त्यात आली. पुढे प्रोग्रॅमरने न सांगताही कोणत्या नावाचा प्रकार काय आहे हे कंपायलरने ओळखण्याची व्यवस्थाही आली. मोटोरोला कंपनीच्या सहकार्याने बांधलेल्या ‘मॉन्सून’ या डेटाफ्लो यंत्रावर इडमधील प्रोग्रॅम चालवले गेले. अर्थाच्या दृष्टीने इड आता फंक्शनल भाषांच्या कुटुंबात पूर्णपणे सामावली होती. वाक्यरचना मात्र तिची स्वतःची, प्रयोगशाळेच्या परिसराबाहेर फारशी परिचित नसलेली अशीच होती.

त्या काळी अशी परिस्थिती केवळ इडची नव्हती. १९८७च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथे फंक्शनल भाषांचे अभ्यासक एका परिषदेसाठी जमले, तेव्हा एकमेकींशी अर्थाने मिळत्याजुळत्या पण वेगवेगळ्या पेहरावांतल्या डझनाहून अधिक भाषा अस्तित्वात होत्या. प्रत्येकीचा कंपायलर निराळा, प्रत्येकीचे वाचक मूठभर. सर्वांसाठी मिळून एक सामायिक भाषा घडवण्याचा निर्णय तेथे झाला आणि समिती स्थापन झाली. त्या समितीच्या सदस्यांत अरविंद आणि निखिल यांचीही नावे आहेत. तर्कशास्त्रज्ञ हास्केल करी यांच्या स्मरणार्थ भाषेला हास्केल हे नाव मिळाले आणि १ एप्रिल १९९० रोजी तिचा पहिला अहवाल प्रसिद्ध झाला.

हास्केलच्या वाक्यरचनेतील दोन निर्णय पुढील कथेसाठी महत्त्वाचे आहेत. पहिला निर्णय समासाचा. ब्रिटिश अभ्यासक पीटर लँडिन यांनी १९६६ मध्ये सुचवलेली एक कल्पना डेव्हिड टर्नर यांच्या भाषांमार्गे हास्केलमध्ये आली. ओळ किती आत सरकवून लिहिली आहे यावरून ती कोणत्या गटात मोडते हे ठरवायचे. त्यामुळे महिरपी कंस आणि अर्धविराम लिहिण्याची सक्ती उरली नाही. पान मोकळे, गणिताच्या वहीसारखे दिसू लागले. या मोकळेपणाची किंमत पार्सरला मोजावी लागली. काही ठिकाणी गट कोठे संपतो हे समासावरून कळत नाही. तेव्हा पुढचे पद वाक्यात बसत नाही असे पार्सरला दिसले की गट तेथे संपला असे मानावे, असा नियम करावा लागला. म्हणजे पदच्छेद पूर्ण होण्यासाठी अन्वयाचा कौल घ्यावा लागतो. एरवी एकामागून एक येणारे दोन टप्पे येथे एकमेकांत गुंतले. वाचणाऱ्या माणसाला जे सहज वाटते ते यंत्राला सहज असतेच असे नाही, याचे हे ठळक उदाहरण.

दुसरा निर्णय लहान-मोठ्या अक्षरांचा. रोमन लिपीतील मोठ्या अक्षराने सुरू होणारे नाव प्रकाराचे किंवा रचनेचे. लहान अक्षराने सुरू होणारे नाव साध्या मूल्याचे. हा भेद पहिल्या अक्षरातच दिसत असल्याने पार्सरचे काम हलके झाले. अशा बारीकसारीक बाबींवर समितीचा बराच वेळ गेला. समितीचे एक सदस्य फिलिप वॉडलर यांनी या अनुभवावर एक गमतीदार नियमच सांगितला: भाषा घडवताना सर्वांत कमी वेळ अर्थाच्या चर्चेत जातो, वाक्यरचनेला त्याच्या दुप्पट, पदांच्या घडणीला त्याच्याही दुप्पट आणि टिपा कशा लिहाव्यात याला सर्वांत जास्त. नियम विनोदाचा असला तरी प्रत्येक भाषा-समितीला त्यात आपले प्रतिबिंब दिसते.

सामायिक भाषा तयार झाल्यावर एमआयटीच्या गटाने आपली वाक्यरचना बाजूला ठेवली. १९९०च्या दशकात इडचा आशय हास्केलच्या पेहरावात मांडला गेला आणि ‘पीएच’, म्हणजे पॅरलल हास्केल, ही भाषा जन्माला आली. निखिल आणि अरविंद यांचे तिच्यावरील पुस्तक २००१ साली प्रसिद्ध झाले. या परंपरेतील हे पहिले वेषांतर. येथे ते सुखाने घडले, कारण लिहिणारे आणि वाचणारे एकाच विद्वत्समाजातले होते. हास्केलचा चेहरा त्यांच्या ओळखीचा होता.

दुसरे वेषांतर इतके सोपे नव्हते. दरम्यान अरविंद यांचे लक्ष हार्डवेअरकडे वळले होते. त्यांचे विद्यार्थी जेम्स हो यांनी २००० सालच्या आपल्या प्रबंधात एक वेगळा मार्ग दाखवला. इलेक्ट्रॉनिक मंडल कसे जोडावे हे न सांगता, ते कोणत्या नियमांनी वागते एवढेच सांगायचे. प्रत्यक्ष जोडणी यंत्राने शोधायची. प्रत्येक नियमाचे दोन भाग असतात. एक अट, आणि ती पूर्ण झाल्यास करायची कृती. कृती अखंड असते: घडली तर सगळी घडते, नाहीतर काहीच घडत नाही. अनेक नियम एकाच वेळी घडले तरी अंतिम परिणाम असा असावा लागतो, की जणू ते एकामागून एक घडले. प्रोसेसरसारख्या गुंतागुंतीच्या रचनेत शेकडो गोष्टी एकाच क्षणी चालू असतात. त्या एकमेकींच्या पायांत येऊ नयेत ही जबाबदारी यामुळे माणसाकडून कंपायलरकडे गेली.

अरविंद यांनी २००० सालीच नेटवर्कच्या चिप बनवणारी सँडबर्स्ट ही कंपनी काढली होती. तेथे या नियमांसाठी भाषा हवी होती. हास्केलच्या आरंभीच्या कंपायलरांपैकी एकाचे कर्ते, स्वीडनचे लेनार्ट ऑगस्टसन यांनी तिला आकार दिला. भाषेचे नाव ब्लूस्पेक. तिचा कंपायलर हास्केलमध्ये लिहिलेला आणि तिची वाक्यरचनाही हास्केलची. समासावरून ठरणारे गट, मोठ्या अक्षराचे प्रकार, अटीनंतर येणारा दुहेरी रेषेचा बाण, आणि रजिस्टरमध्ये नवी किंमत भरण्यासाठी ‘:=’ हे चिन्ह. हास्केल जाणणाऱ्याला ती दहा मिनिटांत वाचता येई.

अडचण अशी, की चिप बनवणारे अभियंते हास्केल जाणत नव्हते. २००३ मध्ये भाषा आणि तिची साधने विकण्यासाठी ब्लूस्पेक ही स्वतंत्र कंपनी निघाली, तेव्हा हा प्रश्न व्यवहाराचा झाला. १९८०च्या दशकात आलेली व्हेरिलॉग तोवर चिप-उद्योगाची बोलीभाषा बनली होती. तिच्यात सी आणि पास्कल यांची छाया होती. अभियंत्यांची एक पिढी तिच्यावर वाढली होती. कारखान्यांतील सर्व साधने तिच्याभोवती उभी होती. कंस नसलेली फंक्शने आणि रिकाम्या जागेला अर्थ असलेली पाने पाहून ही मंडळी आशयापर्यंत पोहोचतील, अशी आशा बाळगणे कठीण होते. २००४च्या सुमारास निर्णय झाला. अर्थ जसाच्या तसा ठेवायचा आणि त्याला व्हेरिलॉगच्या नव्या पिढीचा, म्हणजे सिस्टिमव्हेरिलॉगचा, पेहराव चढवायचा. बीएसव्ही ती हीच.

या वेषांतराच्या खुणा भाषेच्या अंगावर आजही स्पष्ट दिसतात. समासाचा अर्थ गेला. त्याच्या जागी अर्धविराम आणि प्रत्येक रचनेचा स्वतंत्र समाप्तिशब्द आला. मॉड्यूलला एक, नियमाला दुसरा, मेथडला तिसरा. प्रकाराला घटक देताना पूर्वी नुसती मोकळी जागा पुरत असे. आता ‘#’ हे चिन्ह आणि कंस लागू लागले. प्रकारांवरील अटी हास्केलमध्ये विधानाच्या आधी येत. त्या विधानाच्या मागे, वेगळ्या शब्दानिशी गेल्या. लहान-मोठ्या अक्षरांचा नियम टिकला, पण व्हेरिलॉगकरांना सवयीचे असलेले ‘इंट’ आणि ‘बिट’ हे दोन प्रकार लहान अक्षरातच राहू दिले गेले. नियमाला दोनच अपवाद, आणि दोन्ही पाहुण्यांसाठी.

सर्वांत बोलकी गोष्ट चिन्हांची आहे. रजिस्टरमध्ये किंमत भरण्याचे जुने ‘:=’ जाऊन व्हेरिलॉगचे ‘<=’ आले. निवड अर्थाच्या दृष्टीने अचूक होती. ‘क <= ख; ख <= क’ असे लिहिल्यास दोन रजिस्टरांतील किमतींची अदलाबदल होते, व्हेरिलॉगमध्येही आणि बीएसव्हीतही, कारण दोन्ही किमती जुन्या स्थितीतूनच वाचल्या जातात. पण हेच चिन्ह ‘लहान किंवा समान’ या तुलनेसाठीही वापरले जाते. जुन्या वाक्यरचनेत पार्सरला ते एकाच अर्थी भेटे; आता स्थान पाहून अर्थ ठरवणे भाग पडले. विधानाच्या जागी आले तर भरणे, राशीच्या आत आले तर तुलना. चिन्ह एक, अन्वय दोन. त्याच वेळी हास्केलचा ‘<-’ हा बाण मात्र जागच्या जागी राहिला. नवे रजिस्टर निर्माण करून त्याला नाव देताना बीएसव्हीत आजही तोच लिहितात. एकाच पानावर दोन ओळींच्या अंतराने दिसणारे हे दोन बाण दोन वेगळ्या घराण्यांचे आहेत.

पार्सरचे काम यामुळे केवळ वाढले नाही, तर बदलले. व्हेरिलॉगच्या वळणाने लिहिणाऱ्याला एखाद्या नावाची किंमत पुन्हा पुन्हा बदलावीशी वाटते, आवर्तने लिहावीशी वाटतात. फंक्शनल भाषेत एकदा दिलेली किंमत बदलत नाही. यावर तोडगा असा निघाला, की बीएसव्हीने अशी लेखनशैली मान्य करावी आणि पार्सरनेच तिचे फंक्शनल रूपात भाषांतर करावे. ‘क = क + १’ असे लिहिले, की आत जुने ‘क’ आणि नवे ‘क’ ही दोन स्वतंत्र मूल्ये होतात. वाचणाऱ्याला बदल दिसतो. झाडात कोणतीच गोष्ट बदलत नाही. पार्सर येथे दुभाष्याची भूमिका घेतो.

जुनी वाक्यरचना यानंतर नाहीशी झाली नाही, हे या इतिहासाचे वैशिष्ट्य. तिला ‘ब्लूस्पेक क्लासिक’ म्हणू लागले. कंपायलरमध्ये दोन पार्सर शेजारी शेजारी नांदू लागले. फाइलीचे नाव ‘.बीएस’ने संपत असेल तर पहिला, ‘.बीएसव्ही’ने संपत असेल तर दुसरा. दोघांच्या हातून निघणारे झाड एकाच घडणीचे. तेथून पुढे कंपायलरला मजकूर कोणत्या दाराने आत आला याचे सोयरसुतक नसते. एका वाक्यरचनेत लिहिलेला भाग दुसरीतून बिनदिक्कत वापरता येतो.

वेषांतराचा फायदा झाला. विद्यापीठांत आणि कंपन्यांत भाषा पोहोचली. केंब्रिज विद्यापीठातील स्मृतिसुरक्षेच्या ‘चेरी’ प्रकल्पाचे आरंभीचे प्रोसेसर बीएसव्हीत लिहिले गेले. देवाणघेवाण एकतर्फीही राहिली नाही. अनेक पर्यायांपैकी एक रूप धारण करणारे, खूणचिठ्ठी लावलेले प्रकार आणि त्यांची रूपानुसार उकल करण्याची रीत हे फंक्शनल भाषांचे जुने वैभव सिस्टिमव्हेरिलॉगच्या प्रमाणकात शिरले. त्यामागे ब्लूस्पेकचा वाटा होता. उसना पेहराव घेणाऱ्या भाषेने मूळ मालकालाही काही दिले.

तरी ओळखीचा चेहरा फसवाही असतो. व्हेरिलॉग जाणणारा अभियंता बीएसव्हीचे पान वाचतो तेव्हा त्याला सर्व काही समजले असे वाटते. त्याला दिसत नाही ते असे, की नियमाच्या शब्दांत जी अट लिहिलेली नाही तीही लागू असते. भरलेल्या रांगेत नवी नोंद टाकणारा नियम त्या चक्रात घडतच नाही, कारण रांगेच्या मेथडची स्वतःची अट त्याला अदृश्यपणे जोडलेली असते. दोन नियम एकाच रजिस्टरची किंमत वाचून त्यात भर घालत असतील, तर कंपायलर त्यांना एकाच चक्रात घडू देत नाही. प्राधान्य सांगितलेले नसेल तर स्वतःच एकाची निवड करतो आणि तशी सूचना देतो. व्हेरिलॉगमध्ये घड्याळाचा उल्लेख पानोपानी असतो. बीएसव्हीत तो बहुधा लिहावाच लागत नाही. हास्केलच्या अपरिचित चेहऱ्याने वाचकाला दारातच सांगितले असते, की येथे वेगळा विचार करावा लागेल. परिचित चेहरा ही सूचना देत नाही. वाक्यरचनेने उंबरठा खाली आणला. त्यापलीकडची पायरी तेवढीच उंच राहिली.

या टप्प्यावर कथा भारतात येते. मद्रास आयआयटीच्या संगणक विभागात प्रा. व्ही. कामकोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४च्या सुमारास शक्ती प्रकल्प हाती घेतला. रिस्क-फाइव्ह या खुल्या आज्ञासंचावर आधारलेले, सर्वांना पाहता, वापरता आणि बदलता येतील असे प्रोसेसर घडवणे हा उद्देश होता. लेखनासाठी बीएसव्हीची निवड झाली. एकाच रचनेतून लहान नियंत्रकापासून मोठ्या प्रोसेसरपर्यंतची कुटुंबे काढायची असतील, तर घटक बदलता येणारी, प्रकारांची काटेकोर तपासणी करणारी भाषा उपयोगी पडते. हास्केलचा वारसा येथे कामी आला. २०१८ मध्ये या प्रकल्पाच्या पहिल्या चिप तयार झाल्या. एक इंटेलच्या ओरेगॉन येथील कारखान्यात २२ नॅनोमीटर तंत्राने आणि दुसरी, ‘रिमो’, चंडीगडच्या प्रयोगशाळेत १८० नॅनोमीटर तंत्राने.

पण एक विसंगती उरली होती. आज्ञासंच खुला, प्रोसेसरचा मजकूरही खुला. तो मजकूर वाचणारा कंपायलर मात्र एका खासगी कंपनीच्या मालकीचा. शक्तीचा मजकूर कोणालाही उतरवून घेता येत असे, पण त्यापासून पुन्हा मंडल घडवायचे तर परवाना लागे. पुस्तक सर्वांसाठी उघडे आणि त्याचा अन्वय लावणारा एकच, अशी ती स्थिती होती. स्वावलंबनाच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे. चिपचा आराखडा आपला असला, तरी त्याचा अर्थ लावणारे साधन दुसऱ्याच्या हाती असेल, तर आराखड्यावरचा अधिकार अपुरा राहतो. त्या साधनात चूक असेल तर ती शोधणेही आपल्या हाती राहत नाही.

जानेवारी २०२० मध्ये ही अडचण दूर झाली. ब्लूस्पेक कंपनीने आपला कंपायलर खुल्या परवान्याखाली सर्वांना दिला. दोन्ही पार्सर, मधले झाड, नियमांचे वेळापत्रक ठरवणारा भाग, सर्व काही वाचता येऊ लागले. तामिळनाडूतील किंवा बंगालमधील एखाद्या महाविद्यालयातला विद्यार्थी आता शक्तीचा मजकूर घेऊन, स्वतःच्या संगणकावर कंपायलर उभारून, त्यातून व्हेरिलॉग काढू शकतो. आणि पार्सरला एखादे वाक्य का रुचले नाही हे त्या पार्सरच्याच मजकुरात पाहू शकतो.

कंपायलर खुला झाल्यावर आणखी एक गोष्ट घडली. मागे पडलेली क्लासिक वाक्यरचना पुन्हा प्रकाशात आली. तिची स्वतंत्र संदर्भपुस्तिका उपलब्ध झाली आणि तिला ‘ब्लूस्पेक हास्केल’ असेही म्हटले जाऊ लागले. दरम्यानच्या वीस वर्षांत हास्केल जाणणाऱ्यांची संख्या वाढली होती. ज्या चेहऱ्यामुळे एके काळी दार बंद झाले असते, त्याच चेहऱ्यासाठी आता काही जण भाषेकडे येतात. उलट दिशेनेही हालचाल झाली. एमआयटीत पदवीच्या आरंभीच्या वर्गांसाठी ‘मिनीस्पेक’ नावाची धाकटी भाषा तयार झाली. बीएसव्हीतील नवशिक्यांना जड जाणारा भाग वगळून, उरलेल्याला आणखी साधी वाक्यरचना देऊन ती लिहिली जाते आणि तिचे भाषांतर बीएसव्हीतच होते. पेहराव पुन्हा एकदा बदलला. आतले नियम तेच राहिले.

संगणकभाषांच्या इतिहासात वाक्यरचनेला अनेकदा दुय्यम मानले जाते. अर्थ खरा, बाकी सजावट, असा विद्वानांचा सूर असतो. ब्लूस्पेकचा प्रवास या मताला पुष्टीही देतो आणि आव्हानही. अर्थ इतका स्वतंत्र निघाला की त्याने एका आयुष्यात चार पेहराव बदलले. पण प्रत्येक पेहरावाने भाषेचे वाचक बदलले, आणि वाचक बदलले म्हणून तिचे भवितव्य बदलले. हास्केलच्या चेहऱ्याने ती उद्योगात किती पोहोचली असती, हे सांगता येत नाही. व्हेरिलॉगच्या चेहऱ्याने ती चेन्नईपर्यंत आली, हे नोंदलेले आहे.

अरविंद यांचे १७ जून २०२४ रोजी निधन झाले. त्यानंतर आठ महिन्यांनी आयरिस चिपची वार्ता आली. बीएसव्हीत लिहिलेली कोणतीही फाइल कंपायलरपुढे ठेवली, की तो सर्वांत आधी भाषेचे मूलभूत ग्रंथालय हजर करतो. संख्या, तुलना आणि बिट यांच्या पायाभूत व्याख्या त्यात आहेत. त्या ग्रंथालयाच्या मुख्य फाइलीचे नाव आजही ‘.बीएस’ने संपते, ती जुन्या वाक्यरचनेतच लिहिलेली आहे.